एक काना

“‘आडात पडली’ नाही सर, ‘पाडली’ आहे. हा काना बघा,” मी मोडीतल्या कागदावर भिंग धरलं.

कागद पेशवाईतला, एका बटकीच्या मृत्यूच्या चौकशीचा. विकत घेतलेल्या त्या बाईचं नाव पंचांनी लिहिलेलंच नाही. मालकाचं मात्र चारदा, दर वेळी ‘राजश्री’ लावून. पण प्रेतावर जे दिसलं ते त्यांनी लिहिलं: तळहातांना दोराचे घट्टे, दंडांवर तापल्या उलथन्याचे डाग, जुने नऊ, ताजे दोन. ती कशी जगली हे सांगणारा जगात एवढाच कागद, तोही ती मेल्यावरचा.

सरांनी चष्मा पुसला. “शाई ओघळली असेल गं. पुस्तक उद्या छापायला जातंय. ‘पाय घसरून पडली’ असंच राहू दे.”

“‘पाय घसरून’ हे कागदात कुठंय? ते तुम्ही घातलंत! रोज त्याच आडाचं पाणी शेंदणारी बाई होती ती.”

“एका कान्यासाठी केवढी भांडतेस!”

“भांडणारच! अडीचशे वर्षांत तिच्या बाजूनं तो एक कानाच तर उभा राहिलाय.”