बुटक्याखालची पानं

"वन्सं, फळं! खोडाला फळं!"

सून ओरडली तशी मागून येणारी नणंद ओल्या दगडावरून पडता पडता वाचली. "हळू की गं! भूत दिसल्यासारखी काय किंचाळतेस!"

पण सुनेचे पाय आता जमिनीवर नव्हते. ओढ्याच्या काठी, आभाळाला टेकलेल्या झाडांच्या गर्द सावलीत, बुटका उभा होता. घरच्या रोपवाटिकेत सगळे या जातीच्या झाडाला याच नावानं हाक मारत. दोन पुरुष उंचीच्या वर कधी न जाणारं झाड. फुलंफळं फांदीला नाहीत, थेट खोडाला. आणि या खोडाला बुंध्यापासून हिरवी फळं लगडली होती, कुणी चिकटवून ठेवावीत तशी.

घरच्या रोपवाटिकेतला बुटका मामंजींनी लावलेला. दरवर्षी अंगभर फुलायचा, पण फळ म्हणून एक धरलं नाही. फूल इतकं नाजूक, की कुंचल्यानं पराग लावायला जावं तर हातात गळून पडे. यंदा त्याचा अर्धा माथा वाळला होता. "हा बहर शेवटचा," असं मामंजी स्वतःच म्हणाले आणि ताटावरून उठले. रानातलं बी आणावं, तर पिकायच्या आधीच माकडं फळं फस्त करत. म्हणून या दोघी अंधारातच निघाल्या होत्या. रानात असं काय आहे जे आपल्याकडे नाही, ते एकदा डोळ्यांनी बघायला.

"सावली आपल्याकडेही आहे," नणंद बोटांवर मोजू लागली. "ओलावा आहे. वर बाबांची माया. ती तर आम्हा पोरांच्याही वाट्याला एवढी आली नाही."

"वन्सं, तुम्ही पण ना!"

"खोटं आहे का?" म्हणत ती झाडाजवळ सरकली आणि तिचा पाय घोट्यापर्यंत कुजलेल्या पानांत गेला. "अगंबाई! ही चिलटं बघ, नाकातोंडात जातायत!"

पानांतून चिलटांचा ढग उठला होता. नणंद ओढणी झटकत राहिली. सून मात्र खिळल्यासारखी बघत होती. चिलटं खोडावर टेकली. फळांच्या अधेमधे अजून काही फुलं होती. त्यातल्या एकात एक चिलट शिरलं, आत फिरलं, परागानं पिवळं होऊन बाहेर आलं आणि शेजारच्या फुलात गेलं.

"देवा," ती पुटपुटली. हात आपसूक जोडले गेले. आणि लगेच तिला मामंजींचा झाडू आठवला.

मामंजी रोज सकाळी अंघोळ झाली की चहाच्याही आधी बुटक्याखालचं झाडून घेत. एक पान राहू देत नसत. ताप असो, पाऊस असो, नेम चुकला नव्हता. लग्न होऊन आल्यापासून ती ते बघत होती आणि मनोमन त्यांना नमस्कार करत होती.

"वन्सं, घरची फुलं आज उमलली असतील ना?"

"आजच. काल कळ्या टपोरल्या होत्या. एका दिवसाचा तर खेळ."

"आणि मामंजींची अंघोळ?"

नणंदेनं पायाखालच्या पानांकडे पाहिलं, मग भावजयीकडे. "अगं, मग बघतेस काय, पळ!"

ओढ्यात फोनला रेंज नव्हती. मुळं धरत, गुडघे फोडून घेत दोघी चढ चढल्या. माथ्यावर कुठे फोन लागला.

"मामंजी, झाडू खाली ठेवा!"

"काय झालं? कोण पडलं?"

"कुणी नाही पडलं. झाडलंत का?"

"अर्धं झालंय. का गं?"

धापा टाकत तिनं सगळं सांगितलं. मागून नणंद ओरडत होती, "चिलटं, बाबा! चिलटं हवीत!"

पलीकडे झाडू भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"म्हणजे इतकी वर्षं मीच..."

ती हळूच म्हणाली, "मागच्या खड्ड्यात कुजकी पानं आहेत ना, मामंजी, ती चिलटांसकट आणून बुंध्याशी पसरा. आत्ताच. फुलं मिटायच्या आत."

"आणि उद्या?"

"उद्या हात लावायचा नाही. परवाही नाही."

"हा नेम फार अवघड आहे, सूनबाई," ते म्हणाले. "यात काहीच करायचं नाही."

फोन बंद करायचं ते विसरले. पावलं लांब गेली. बऱ्याच वेळानं जड होऊन परत आली. टोपली उपडी झाल्याचा ओला, दबका आवाज आला. दोघींनी एकाच फोनला कान लावले.

"या," मामंजी कुणालातरी म्हणत होते. "या, या. आत या."