प्रथमदर्शनी आधारस्तंभ

"आपण या कार्यालयाचे आधारस्तंभ होता, असे प्रथमदर्शनी दिसते," साहेबांनी मानपत्रातलं पहिलं वाक्य वाचलं आणि दुसऱ्या वाक्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

विमा कंपनीच्या दावे विभागात हेडक्लार्कांचा निरोपसमारंभ चालू होता. पहिल्या रांगेत त्यांची बायको बसली होती. आपला नवरा इतकी वर्षं ऑफिसात नेमकं काय करत होता, हे आज तरी कोणीतरी ठणकावून सांगेल, एवढ्याच आशेने ती आली होती.

"आपला स्वभाव मनमिळाऊ होता, असे समजते." साहेब वाचत राहिले. थांबले असते तर मनाने बोलावं लागलं असतं. "आपली उणीव आम्हांस भासेल, ही शक्यता नाकारता येत नाही. मात्र यावरून कंपनीने कोणतीही जबाबदारी स्वीकारली, असा अर्थ काढू नये."

टाळ्या पडल्या. त्याही चाचपडतच.

टायपिस्टबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. कंपनीचं चिन्ह आयतं मिळतं म्हणून त्यांनी मानपत्र ऑफिसच्या पत्राच्या टेम्प्लेटवरच टाइप केलं होतं, आणि त्या टेम्प्लेटमध्ये हेडक्लार्कांनी स्वतः बनवलेला मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा छोटासा प्रोग्रॅम, मुक्कामाला होता. प्रिंट दिलं की तो सगळं पत्र पिंजून काढी आणि ठाम वाक्य दिसलं की त्याची नांगी मोडी. त्याच्या कृपेने कंपनी स्वतःच्या शब्दांत कधी सापडली नव्हती.

"म्हणजे तुम्ही काम केलंत की नाही?" बायकोने दबक्या आवाजात विचारलं.

"एकूण एक वाक्य पकडलं गं त्याने," हेडक्लार्क पुटपुटले. त्यांचे डोळे भरून आले होते. "एकसुद्धा सुटलं नाही."

बायकोने तोंड फिरवलं.

चहाच्या वेळी टायपिस्टबाई धावतपळत दुसरी प्रत घेऊन आल्या. "काका, माफ करा हं. मॅक्रो बंद करून पुन्हा काढलंय. आम्ही लिहिलं होतं ते हे. साहेबांनी सहीपण केलीये."

हेडक्लार्कांनी चष्मा लावला. 'आपण या कार्यालयाचे आधारस्तंभ होता.' पुढे थेट पूर्णविराम. त्यांनी कागद उलटून मागेही पाहिलं.

"इतकं उघडंबोडकं वाक्य? उद्या कोणी पुरावा मागितला तर?"

"कोण मागणार आहे, काका?"

"मागणाऱ्याला निमित्त पुरतं. शिवाय खाली साहेबांची सही. जाता जाता त्यांना गोत्यात आणू का मी? फाडून टाका ते."

पहिलं मानपत्र त्यांनी फ्रेमसकट काखेत मारलं आणि ते चपला शोधायला वळले.

बायकोने टायपिस्टबाईंच्या हातातून दुसरी प्रत काढून घेतली. उभ्या उभ्या वाचली. मग खुर्चीवर बसून पुन्हा एकदा, सावकाश वाचली. घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली.

"अगं, त्या कागदाला काही आधार नाही," हेडक्लार्क दारातून म्हणाले.

"नसू दे," तिने पर्सची चेन ओढली. "जबाबदारी माझी."