बदलीची खुर्ची

"ऊठ बाळा, जॅकेट काढ," मास्तर म्हणाले.

बाकाच्या टोकाला बसलेल्या शिडीला वाटलं, शेजारणीला म्हणतायत. पण शेजारीण गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती, तिला कोण उठवणार? उंचीपायी पोरींनी हिचं नाव शिडी पाडलं होतं, आणि या संघाच्या बाकावर ती आज पहिल्यांदाच बसली होती.

"मास्तर, आज नुसतं बसायचं ठरलं होतं ना?"

"बसून बसून पाय आखडले असतील. जरा पळून ये. जिंकलेली मॅच आहे, कोण विचारतंय."

मास्तरांच्या जिभेवर साखर होती, ती नेहमीच असते. बास्केटबॉलचा सामना तीसेक गुणांनी खिशात होता, शेवटचं मिनिट चालू होतं. अशा वेळी नव्या मुलीला मैदान दाखवलं तर कुणाला काय वावगं वाटणार? पण शिडी काही कुकुलं बाळ नव्हती. तिची आई या देशाची, बाबा पलीकडच्या देशाचे. दोन्हीकडच्या संघटना हात धुऊन तिच्या मागे लागल्या होत्या, आणि नियम साधा होता. अशा देशादेशांतल्या सामन्यात एकदा ज्या देशाकडून मैदानात पाय पडला, त्या देशाची ती कायमची. मग तासभर खेळा नाहीतर निमिषभर. बाकावर बसण्याने काही बिघडत नाही, म्हणून तर ती आईच्या समाधानासाठी येऊन बसली होती. तिचं स्वतःचं अजून काहीच ठरलं नव्हतं.

नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणायला हवं होतं. तिने मागे वळून पाहिलं. प्रेक्षकांत आई उठून उभी राहिली होती, दोन्ही हात तोंडावर. दोघे मामा शिट्ट्या मारत होते. त्या अख्ख्या रांगेत बाबा तेवढे बसलेले. पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते, पुन्हा काढत होते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि वर टाळ्या पिटायला दोन मामा. शिडीने जॅकेट काढलं.

आता बदली खेळाडूची एक रीत असते. गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन सांगायचं आणि तिथल्या खुर्चीवर गुपचूप बसायचं. खेळ थांबल्याशिवाय आत जाता येत नाही. बॉल बाहेर जाऊ दे, कुणाचा फाउल होऊ दे, शिट्टी वाजली की मग बदल. शिडी खुर्चीच्या कडेवर टेकली. शिट्टीची इतकी भीती तिला जन्मात वाटली नव्हती.

बॉल कॅप्टनकडे होता. कॅप्टन म्हणजे संघातली सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत तिखट. शिडी आली तर पुढची फेरी आपलीच, असं ती आठवडाभर ज्याला त्याला ऐकवत होती. तिने टेबलाकडे पाहिलं, खुर्चीवर कोण बसलंय ते पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खुशीत अंगठा दाखवला. मागे संघातल्या, अशाच दोन देशांच्या डावखुरीलाही ते असंच "जरा पळून ये" म्हणाले होते, आणि डावखुरी अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

कॅप्टन जागच्या जागी बॉल आपटत राहिली. पण बॉल असा फार वेळ कवटाळून ठेवता येत नाही, ठरल्या वेळात बास्केटकडे टाकावाच लागतो, नाहीतर शिट्टी. अगदी गळ्याशी आल्यावर तिने तो टाकला. बॉल रिंगच्या कडेवर आपटला आणि परत तिच्याच हातात आला.

त्या जागेवरून कॅप्टन झोपेतही चुकत नाही. बास्केट झाली असती तर घड्याळ थांबलं असतं, आणि घड्याळ थांबलं की बदलीला वाट मोकळी. शिडीच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. ही मुद्दाम चुकली.

समोरच्या मुलींनी केव्हाच हाय खाल्ली होती, तरी एकीचा हात लागलाच. बॉल सुटला आणि टेबलाच्या दिशेने, थेट शिडीच्या पायांकडे घरंगळत निघाला.

"जाऊ दे, जाऊ दे," मास्तर म्हणाले.

तीस गुणांनी पुढे असताना बाहेर चाललेल्या बॉलमागे शहाणं माणूस धावत नाही. कॅप्टन धावली. रेषेच्या तोंडाशी तिने अंग झोकून दिलं, उलट्या हाताने बॉल आत भिरकावला आणि कोपरावर घसरत रेषेपाशीच आडवी झाली. वेळ संपल्याचा भोंगा वाजला.

शिडी धडपडत उठली आणि रेषेशी येऊन थबकली.

"ये, संपली मॅच," कॅप्टन पडल्या पडल्या म्हणाली. "आता पाय पडला तरी काही होत नाही."

शिडीने आत जाऊन तिला हात दिला, उभं केलं. कॅप्टनचं कोपर चांगलंच सोलवटलं होतं. तेवढ्यात मास्तर तणतणत आले.

"अक्कल गहाण टाकलीस का गं? जाऊ द्यायचा होता बॉल. उद्या ही समोरच्या संघातून खेळेल, तेव्हा कळेल तुला."

"सवयीने धावले, मास्तर."

मास्तर हात झटकत निघून गेले. शिडीला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं, आणि रडू आल्याची लाजही वाटली.

कॅप्टनने कोपरावर फुंकर घातली. मग शिडीशी बोलताना सगळ्यांनाच करावी लागते तशी मान उंच करून तिने विचारलं, "खेळायचंय का गं तुला आमच्याकडून?"