आहे का कोणी हिमतीचं?

नागपूरच्या एका फ्लाइंग क्लबमधल्या छोट्या विमानाची बॅटरी इंजिन चालू असतानाही चार्ज होत नव्हती. इंजिनिअर मयुरानं तपासलं. अल्टरनेटर गेलाय, नवा बसवेपर्यंत विमान उडवू नका, असं तिनं स्पष्ट सांगितलं.

मुख्य प्रशिक्षक कॅप्टन घाटोळे सगळ्या विद्यार्थ्यांसमोर हसले.

"मॅडम, हे इंजिन काय बॅटरीवर चालते का? उगाच पोरायले काहून भेववून राहिल्या?"

"सर, हवेत रेडिओ बंद पडला तर?"

"तर काय? आम्ही बिनारेडिओचे उतरलो आहो. भित्र्यायनं घरी बसून पतंग उडवावे. रोशन, चल, एकटा चक्कर मारून ये."

रोशनचा चेहरा उतरला. तो जागचा हललाच नाही.

"डरपोक साले! आहे का कोणी हिमतीचं?"

मागच्या रांगेतून कॅप्टनची मुलगी सोनिका पुढं आली. "पप्पा, मी जाते."

कॅप्टन मयुराकडं वळून गरजले,



"बिघडलेलं विमान बाहेर काढलंच काहून? काही जबाबदारी समजते का नाही तुम्हाले?"