चार चंद्र

शेवटचं वळण घेताच यीलान शहराच्या मैदानावरची शर्यतीची कमान दिसली, कमानीशेजारचा मोठा स्क्रीन दिसला, आणि श्यो-चू ताईनं धापा टाकत विचारलं, "काय गं चौकोनबाई, आज तरी येणार का नाव तुझं?"

"येईल," कुओ लांग म्हणाली.

"गेल्या साली पण येणार होतं."

गेल्या साली आलं नव्हतं. त्याआधीही कधी नाही. धावणाऱ्याच्या बुटावरची चिप कमानीखालून गेली की स्क्रीनवर त्याचं नाव झळकतं, निवेदक ते पुकारतो, लोक टाळ्या वाजवतात. तिच्या वेळेला 'कुओ' हे आडनाव उमटायचं आणि पुढे नावाच्या जागी रिकामा चौकोन. संगणकाला एखादं चिनी अक्षर काढता आलं नाही की त्याच्या जागी तो चौकोन ठेवून मोकळा होतो. धावायच्या गटात मग तिचं नावच ते पडलं.

"काल गेले होते त्या स्क्रीनवाल्याकडे," लांग म्हणाली. "म्हणाला, त्याच उच्चाराचं दुसरं सोपं अक्षर घाला, कोण बघतंय?"

"खरंच की. कोण बघतंय?"

"मी म्हटलं, माझ्या अक्षराला जगभरच्या संगणकांच्या अक्षरयादीत आकडा मिळून कितीतरी वर्षं झाली. आकडा तुमच्या मशीनलाही कळतो. फक्त त्याचा चेहरा, म्हणजे फॉन्ट, नाही तुमच्याकडे. तो मी घेऊन आलेय. आणि पेन ड्राइव्ह ठेवला त्याच्यापुढे."

"मग?"

"बघतो म्हणाला."

"बघतो म्हणाला." श्यो-चू ताईला हसू आलं आणि हसण्यात दम गेला. "तू हो पुढे. मी त्या पाण्याच्या टेबलावरचे टोमॅटो खाऊन येते."

लांग एकटी पुढे गेली. तिच्या आधी शेकडो लोक पोचले होते. वेळेशी तिला देणंघेणं नव्हतं. पुढचे आजोबा पोचले, त्यांचं नाव आलं. मागोमाग कॉलेजच्या दोन मुली पोचल्या, त्यांची आली. मग तिनं कमान ओलांडली.

स्क्रीन क्षणभर काळा राहिला. 'कुओ' उमटलं, आणि त्याच्या शेजारी चार चंद्र, चंद्राचंच अक्षर चारदा मिळून झालेलं तिचं अक्षर. दोन वर, दोन खाली, एकमेकांना खेटून, रेघ न् रेघ जागेवर. आपलं नाव एवढं मोठं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

निवेदकानं माइक तोंडाशी नेला. "कुओ..." म्हणाला आणि थांबला. लोकही वर बघत राहिले. अक्षर तर आलं होतं, पण ते कुणालाच वाचता येईना.

ही शांतता तिच्या ओळखीची होती. दर वर्षी निवेदक असाच अडायचा आणि कुंपणाजवळून बाबा ओरडून सांगायचे. नाव त्यांनी ठेवलं होतं. ते कसं म्हणायचं हे शाळेत, दवाखान्यात, बँकेत तेच सांगत आले होते. तिला लाज वाटायची. आताही नजर सवयीनं कुंपणाकडे गेली. तिथे उन्हाची टोपी घातलेली कुणी आजी उभी होती. बाबांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"ताई, हे वाचायचं कसं?" निवेदकानं माइकवरूनच विचारलं.

ती मागे वळली. धाप उतरली नव्हती. त्याच्याजवळ जाऊन तिनं माइक स्वतःकडे ओढला.

"लांग." आवाज मैदानभर गेला, तिला वाटलं होतं त्याहून मोठा. "चार चंद्र. लांग. म्हणजे लख्ख उजेड."

"कुओ लांग," निवेदकानं पुकारलं आणि टाळ्या पडल्या.

तेवढ्यात श्यो-चू ताई कमानीखालून आली, ती त्याच्यावर खेकसतच. "एवढं साधं अक्षर वाचता येत नाही होय रे तुला? आमच्या गटात पोराटोरांना येतं."

स्क्रीनवर ताईचं नाव आलं, गेलं, मग तिच्या मागच्याचं आलं. लांग पाणी घेऊन कुंपणाशी गेली. ती आजी डावा तळहात पसरून त्यावर उजव्या हाताच्या बोटानं सावकाश रेघा ओढत होती. एक चंद्र, त्याच्या शेजारी दुसरा. तिच्या पलीकडचा माणूस आपल्या तळहातावर तेच करत होता. त्याच्या पलीकडची बाईसुद्धा.

शेवटची रेघ ओढून झाल्यावर आजीनं हात लांगपुढे धरला. "बघ गं, बरोबर आलंय का?"

सुरकुतलेल्या तळहातावर काहीच नव्हतं. लांगनं तो नीट निरखून पाहिला.

"अगदी बरोबर," ती म्हणाली.