मायच्या आवडीचं गाणं

"हे बी न्हाई?" रेणूने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढचं स्टेशन लावलं. माय खाटेवर उशीला टेकून बसली होती. नजर समोरच्या भिंतीवर. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

लकवा मारल्याला अडीच महिने झाले होते. हातपाय बऱ्यापैकी सावरले, वाचा मात्र परतली नाही. आवडीची गाणी ऐकवा, कधी कधी गाण्याच्या वाटेनं शब्द परत येतात, असं जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. म्हणून रेणूने मायला परतूरला आपल्या घरी आणलं आणि मोबाइलवर रेडिओचं अ‍ॅप घेतलं. जगभरची हजारो स्टेशनं. त्यात मायचं एक गाणं सापडणार नाही का?

सापडत नव्हतं. भजनं झाली, सिनेमातली जुनी गाणी झाली, लावण्या झाल्या, कव्वाल्याही झाल्या. जरा सूर लागला की जाहिरात टपकायची. जाहिरात संपली की रेंज जायची. शेवटी रेणूने भावाला फोन लावला, मायला कोणतं गाणं आवडायचं म्हणून विचारलं. मच्छिंद्र म्हणाला, तिला गाणं ऐकत बसलेलं कधी पाहिलंच नाही. वर्षातले आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ, तिला कुठली सवड? रेणूला त्याचा राग आला. मग स्वतःचाच आला. पोटच्या दोन लेकरांना आईची आवड सांगता येत नव्हती.

त्या दुपारी तिचा धीरच सुटला. एका हाताने मायला पेज भरवता भरवता ती दुसऱ्या हाताने स्टेशनामागून स्टेशन नुसती सरकवत होती. कुठलं तरी एक लागलं. नाव वाचता येईना, लिपीच अनोळखी. एक बाई गात होती. पेटी नाही, ढोलकी नाही. एकच लांब सूर, मग शांतता, परत तोच सूर. याला काय गाणं म्हणायचं, असं पुटपुटत रेणूने बदलायला बोट नेलं.

मायने तिचं मनगट धरलं.

चमचा खाली पडला. रेणूने तो उचलला नाही. दोघी ऐकत राहिल्या. मायचे ओठ जुळले, सुटले, परत जुळले.

"माय, ठाऊक हाय का तुला हे गाणं?"

मायने नकारार्थी मान हलवली. मग जड जिभेने, एकेक शब्द ओढत बोलली.

"गाणं न्हाई ते. मेंढरं बोलवून राह्यली ती. एक कोकरू मागं राह्यलंय."