चपला न काढता दर्शन

"उद्या महालक्ष्मीला जाऊ या का गो? तू आन मी, दोघंच," काळूराम म्हणाला, आणि सुकट निवडणारा येसूबाईचा हात सुपातच थांबला.

खरं सांगायचं तर तिला आधी आनंदच झाला. रोज दिवेलागणीला पाण्यापलीकडं मुंबई लुकलुकायला लागली की ती क्षणभर बांधावर उभी राहायची. पण लग्न होऊन थोरली लेक जनी आठ वर्षांची झाली तरी ह्या माणसानं बायकोला आपणहून उरणच्या बाजारालासुद्धा नेलं नव्हतं. मग आज कुठून पाझर फुटला?

"आन पोरं?"

"पोरं ऱ्हातील आयेपाशी. तिथं पोरांना आत घेत न्हाईत."

आता बघा! देवीच्या दारात लेकरू न्यायचं, तिच्या पायावर घालायचं, हीच आजवरची रीत. पोरांना दारातून हाकलणारी देवी येसूबाईनं कधी ऐकली नव्हती.

"कुणी सांगितलं?"

"दिनानाथानं. तो पण येतोय आपल्यासंगं."

दिनानाथ म्हणजे शेजारचा, मुंबईला गिरणीत कामाला असलेला. शनिवारी मोरा बंदराच्या बोटीनं गावी यायचा तो डोळ्याला काळा चष्मा लावून. गावच्या देवाच्या पालखीला खांदा द्यायची पाळी आली की ह्याची कंबर धरायची. त्याला महालक्ष्मी कधी पावली, ते तिचं तिलाच ठाऊक.

"नवरात्र कवाच सरलं. मिठागराचा भर हंगाम, आन तुम्हाला आत्ताच देव आठवला?"

"देवाला काय हंगाम असतो का? जायचं म्हटलं की जायचं," काळूराम चिडून म्हणाला. मग लगेच त्याचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. "नवं लुगडं नेस. आन ती पुतळ्यांची माळ घाल. मुंबई हाय ती. उघड्या गळ्यानं बरं दिसत न्हाय."

 ती माळ येसूबाईच्या आईची. जनीच्या लग्नासाठी म्हणून तिनं जिवापाड जपलेली. हातातल्या पाटल्या गेल्या साली अशाच मुंबईला गेल्या होत्या, दुरुस्तीला म्हणून. त्या अजून दुरुस्त होतायत!

एवढ्यात आतून सासू, ठमाबाई, बाहेर आली. महालक्ष्मीचं नाव कानावर पडल्याबरोबर म्हातारीनं नारळ आणि खण काढून आणला होता.

"माझ्या नावानं ओटी भर गो येसू. आन काळू, तुझ्या ह्या नव्या चपला बाहेर कुणाच्या तरी नजरेखाली ठेव बाबा. देवळातून चपला पयल्या जातात."

"चपला काढायला लागत न्हाईत गो आये. तिथं समदे घालूनच बसतात."

बोलला आणि त्यानं जीभ चावली.

"बसतात?" येसूबाई म्हणाली. "दर्शन बसून घेतात?"

"म्हंजे... पायऱ्या हायेत ना. लोक बसतात पायऱ्यांवर."

"चपला घालून?"

काळूरामला एकाएकी खोकला आला. तेवढ्यात कुंपणापलीकडून दिनानाथाची हाक आली. "काळूदादा, उद्या पांढराच धरायचा बरं का! पक्की खबर हाय!"

"पांढरा कोंबडा?" ठमाबाईचा चेहरा उजळला. "अरे, मग आपल्याच खुराड्यातला ने की! तिकडं इकत कशाला घ्यायचा?"

येसूबाईला हसू आलं नाही. तिला दिनानाथाची बायको आठवली. परवा विहिरीवर ती डोळे पुसत म्हणत होती, "महालक्ष्मीच्या मैदानात घोडे पळतात बाय, आन माझ्या घरातलं एकेक भांडं त्यांच्या मागं पळतं."

सूप बाजूला सारून येसूबाई उठली.

"अवो, तुमच्या ह्या देवीला पाय किती? चार का?"

ठमाबाई एकदा सुनेकडं, एकदा लेकाकडं बघायला लागली. काळूरामनं मान खाली घातली.

"एकदाच गो," तो हळूच म्हणाला. "तुझा पायगुण चांगला हाय म्हणून तर तुला नेतो. पांढरा आला की अशा दोन माळा घालीन तुझ्या गळ्यात."

पायगुण! येसूबाईला रडू फुटायचंच बाकी राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यानं कुठं न्यायचं म्हटलं, आणि तेही तिला न्यायचं नव्हतंच. तिचा गळा न्यायचा होता. तिच्या नजरेसमोर पलीकडचे ते दिवे येऊन गेले. नुसतं मुंबई बघायला चल म्हटलं असतं तरी ती उपाशीपोटी निघाली असती, पोरांना पाठीवर बांधून.

ती आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. ती माळ घेऊन बाहेर आली, तसा काळूराम चपला करकरवत उठून उभा राहिला.

"तसं न्हवं, मी काय म्हणत होतो, तू समजूतदार हायेस गो..."

येसूबाई त्याच्या बाजूनं पुढं गेली. अंगणात जनी वाळत घातलेल्या सुकटीवरचे कावळे हाकत होती. येसूबाईनं तिला जवळ ओढलं आणि माळ तिच्या गळ्यात घातली. माळ पार पोरीच्या बेंबीपर्यंत आली. जनीनं दोन्ही हातांनी ती उचलून बघितली आणि बापाकडं धावली.

"बाबा, मी पण येऊ मुंबईला?"

"न्हाय गो बाय," येसूबाई नवऱ्याकडं बघत म्हणाली. "तिथं पोरांना आत घेत न्हाईत."